तंबू वाळूवर की झाडांत

जंगलात झोपायची मला भारी भीती. म्हणून मुलीने मोबाईलवर दोन फोटो दाखवले तेव्हा मी दुसऱ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. पहिल्यात पांढरी वाळू, निळं पाणी आणि काठाला तंबू. दुसऱ्यात नुसती झाडंच झाडं, आणि बुंध्यांमागे कुठेतरी एक हिरवा तंबू. अंदमानच्या एका लहानशा बेटावरचा एकच कॅम्प, फक्त तंबू दोन ठिकाणी.

"आई, बताओ ना. बीच या जंगल?" मुलगी म्हणाली. कॉलेजात आहे. मराठी सगळी कळते, पण तोंड उघडलं की हिंदीच बाहेर पडते.

"हॉटेल," मी म्हणाले.

"यार, आई!"

आमचे हे सरकारी फॅक्टरीत. रिटायरमेंट तोंडावर आलेली, त्यामुळे ही शेवटची एलटीसी, सरकारी खर्चाची सहल. जबलपुरात फॅक्टरीतली आणि रेल्वेतली निम्मी माणसं एलटीसीवर अंदमानला जाऊन आली आहेत. विमानात बसतात, हॉटेलात राहतात, शंख आणतात आणि ते शोकेसमध्ये मांडून ठेवतात. आम्हीही तसंच करायला काय हरकत होती? पण पोरीने हट्ट धरला, आणि तिने हट्ट धरला की हे लगेच तिच्या पार्टीत.

"काहून घाबरून राहिली तू इतकी?" हे म्हणाले. "वाघ आपल्या इकडच्या जंगलात. तिथं वाघ नाही."

"साप आहेत. हातभर लांब गोम असते, मी वाचलं. मगर असते."

"काय असते?"

"मगर! मगर!"

आमच्या घरी सगळं बोलणं असंच चालतं, ओरडून. आमच्या घमापूर मोहल्ल्यात घराला घर चिकटलेलं, त्यामुळे शेजारणीला वाटतं आमचं रोज भांडण होतं. भांडण कसलं हो, यांना ऐकू येत नाही. सगळी नोकरी पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये गेली, दिवसभर कानाशी धाडधाड. आधी उजवा कान गेला, मग डावाही जाऊ लागला. आता त्यात मशीन असते. मशीन असली की भागतं. नसली तर मागे उभं राहून ताट आपटलं तरी यांना पत्ता लागत नाही.

साप, मगर, गोम हे मी बोलत होते, पण माझी खरी भीती वेगळीच होती. मागच्या उन्हाळ्यात हे मशीन विसरून भाजीला निघाले. मी मशीनची डबी घेऊन मागून धावले, तर हे रस्त्याच्या मधोमध, आणि गल्लीतून एक टेम्पो रिव्हर्समध्ये येऊन राहिलेला. तो हॉर्न देतोय, मी बोंबलतेय, आणि हे पिशवी झुलवत आरामात चाललेत. टेम्पो थांबला तो यांच्या पाठीला टेकूनच. यांनी वळून आधी टेम्पोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसले. मला हसू नाही आलं. मी भर रस्त्यात रडले. तेव्हापासून धसका घेतला आहे. एखाद्या दिवशी मी हाक मारीन, ती पोचणार नाही, आणि तेवढ्यात सगळं संपेल. हे मी कोणाजवळ बोलले नाही, यांच्याजवळ तर नाहीच. रस्त्याने चालताना गाड्यांच्या बाजूने मी चालते, एवढंच.

म्हणून शेवटी मी वाळूला हो म्हटलं. जंगलात हे चार झाडांपलीकडे गेले तर दिसणारही नाहीत, आणि हाक मारून उपयोग नाही. वाळूवर माणूस लांबपर्यंत डोळ्यांसमोर राहतो. आणि पाण्याचं काय, आम्ही नर्मदाकाठची माणसं. पाण्याला आम्ही कशाला भ्यायचं?

विमान, मग पोर्ट ब्लेअर, मग बोट. बोटीत मी सगळा वेळ यांचा शर्ट धरून बसले होते. कॅम्प चालवणारी एक बंगाली बाई होती, माझ्याच वयाची, तिला सगळे दीदी म्हणत. तिने चहा दिला आणि म्हणाली, फोटो पर मत जाइए, दोन्ही जागा डोळ्यांनी पाहा आणि जेवणाच्या आत सांगा. पोरीची तर चंगळ झाली.

आधी आम्ही जंगलातली जागा पाहिली. झाडं एवढाली की वर पाहताना टोपी पडावी. मुळं गुडघ्याएवढी जमिनीबाहेर आलेली. भर सकाळी आत अंधारलेलं आणि सगळीकडून ओला वास. यांना जागा फार आवडली. तंबूला हात लावून, मान वर करून म्हणाले, "इथंच राहू. किती थंड आहे!" तेवढ्यात दीदीने पायरीजवळचा ओंडका पायाने सरकवला आणि खालून ती निघाली. गोम. मी जे वाचलं होतं ते कमीच होतं.

"कुछ नहीं करता," दीदी म्हणाली.

"चला," मी म्हणाले आणि मागे वळून चालू लागले. मागून बाप-लेक हसत होते. हसा म्हटलं.

वाळूवर आलो आणि माझ्या जिवात जीव आला. सगळं उघडं, सगळं दिसणारं. पाणी तर इतकं मागे गेलेलं की मध्ये चपट्या काळ्या खडकांचं मैदानच होतं, मधेमधे डबकी, डबक्यांत बोटाएवढे मासे. दीदी जेवणाचं पाहायला गेली. हे कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, हा तर आपला लम्हेटा घाट!"

मलाही तेच वाटलं होतं. उन्हाळ्यात नर्मदा उतरली की लम्हेटा घाटावर असेच खडक उघडे पडतात. सुटीच्या दिवशी हे सगळ्यात पुढच्या खडकावर जाऊन बसतात, पाय खाली सोडून, जेवायची वेळ होईपर्यंत. आमच्याकडे सगळेच बसतात. उघडा पडलेला खडक उघडाच असतो. पाणी चढायचं तर वर कुठे तरी पाऊस लागतो, नाहीतर बरगी धरणाचे गेट उघडावे लागतात, आणि गेट उघडायच्या आधी गावोगाव सांगून ठेवतात. कोरड्या आभाळाखाली पाणी आपल्या मनाने चढतं हे आमच्या रक्तातच नाही. राइट टाउनच्या शाळेत मी पाचवीला शिकवते, ज्वार-भाटा, म्हणजे आपली भरती-ओहोटी, फळ्यावर चंद्र काढते, पृथ्वी काढते, बाण काढते. त्या बाणांचा आणि या खडकांचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

यांनी मशीन काढून डबीत ठेवली. खारं पाणी लागलं तर गेली कामातून. डबी पोरीच्या पर्समध्ये टाकली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खडकांवरून चालत गेले. शेवटी एक उंच खडक होता, त्यावर आमच्याकडे पाठ करून बसले. पांढरा शर्ट लांबूनही स्पष्ट दिसत होता. मी म्हटलं, बसा, दिसताय तोवर बसा.

मी आणि पोरगी तिखट पुऱ्या काढून खात होतो. ती तंबूचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवायला पाहत होती आणि रेंज नाही म्हणून कुरकुरत होती. मी मान वर केली तेव्हा आमच्या आणि यांच्या मध्ये एक चकचकीत पट्टा होता. आधी वाटलं, ऊन असेल. मग तो हलला.

समुद्र पुढून आलाच नव्हता. यांच्या समोर तो तिथेच होता, आधी होता तिथे. काठाजवळची जागा खोलगट होती, आणि पाणी दोन्ही बाजूंनी आत शिरून ती भरत होतं, आमच्या बाजूने, यांच्या पाठीमागून. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? कोणी गेट उघडलं?

"आई," पोरगी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, पानी बढ़ रहा है."

"अहो!" मी ओरडले. "अहो! अहो!"

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, वापस आओ!"

पाठ तशीच. वारा आमच्या तोंडावर येत होता, पण वाऱ्याला काय दोष द्यायचा. मी हात हलवत होते, पदर हलवत होते, पाठीला डोळे असतात का? एकेक डबकं दुसऱ्याला मिळत होतं आणि काळे खडक दिसेनासे होत होते. हाच तो दिवस, मला वाटलं. टेम्पोने मला आधी दाखवून ठेवलेला, हाच तो.

आणि माझ्या तोंडून यांचं नाव निघालं.

लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी नाही. कागदावर लिहिते. दवाखान्यात विचारलं तर पोरीला सांगायला लावते. माझ्या आईने घेतलं नाही, सासूने घेतलं नाही, मीही घेतलं नाही, आणि त्याचं मला कधी काही वाटलंही नाही. त्या किनाऱ्यावर मी ते घेतलं, नुसतं नाव, मागे-पुढे काही नाही, गल्लीतल्या पोराला दरडावून बोलवावं तसं. पुन्हा घेतलं. पुन्हा. घसा फाटेस्तोवर घेतलं. ती पांढरी पाठ हलली नाही.

"मैं जाती हूँ," पोरगी चपला काढत म्हणाली.

"तू पाय टाकलास तर तंगडी तोडीन! पळ, दीदीला बोलाव!"

ती पळाली आणि मी पाण्यात उतरले. मला पोहता येत नाही. घाटावर मी आयुष्यभर पायरीवर बसून लोट्याने अंगावर पाणी घेतलं आहे. पण पाण्यात उतरायचं नाही असं ठरवायला तेव्हा वेळच नव्हता. गुडघाभर पाणी होतं, मग एकदम कमरेइतकं. खालचा खडक पायाला कापत होता. साडी नव्हती, सलवार होती, तरी ती ओली होऊन पायांत अडकत होती. मी नाव घेत होते आणि पुढे जात होते. एक लाट बाजूने आली आणि माझे पाय सुटले. नाकातोंडात खारट पाणी. वर आले, नाव घेतलं, परत खाली गेले. मला स्वतःची भीती वाटायला उसंतच नव्हती, मला फक्त ती पाठ दिसेनाशी होते याची भीती वाटत होती.

यांच्या तळव्यांना पाणी लागलं तेव्हा यांनी वळून पाहिलं. नंतर सांगितलं की आधी काठावर पोरीचं नुसतंच सामान दिसलं, मग पाणी, मग पाण्यात एक डोकं, आणि ते माझं आहे हे कळायला वेळ लागला. कळलं तशी यांनी खडकावरून उडी मारली. लहानपणी नर्मदेत पोहलेला माणूस, हात विसरले नव्हते. पण पाणी आडवं ओढत होतं. यांनी माझे केस धरले, खांदा धरला, आणि आम्ही दोघं काठाकडे न जाता एका बाजूला वाहत होतो. तेवढ्यात दीदी गळ्यापर्यंत पाण्यात आली, हातात गाडीच्या चाकाची फुगवलेली ट्यूब, ट्यूबला दोर, आणि दोराचं दुसरं टोक पोरीच्या हातात. पोरीने ओढलं. कुठून आणली ती ताकद, देव जाणे.

वाळूवर पडल्या पडल्या हे माझ्यावरच ओरडले. "काहून उतरली तू? तुले पोहता येते का? अक्कल आहे का काही?" ओरडताना यांचे दात वाजत होते. यांना कधी असं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. मला जोरात उत्तर द्यायचं होतं, तोंडावर आलेलंही होतं, पण घशातून आवाजच निघेना. मागे पाहिलं तर तो उंच खडक कुठेच नव्हता. नुसतं निळं पाणी, फोटोतल्यासारखं.

दीदीने कोरडे टॉवेल दिले आणि हळूच विचारलं, सामान कुठल्या तंबूत ठेवू? मी झाडांकडे बोट दाखवलं.

गोम काय, साप काय, मी त्या तंबूच्या पायरीवर सरळ बसले. पायाच्या जखमांना दीदीने हळद लावली. चहा आला. हे समोर ओंडक्यावर टॉवेल गुंडाळून बसले होते. पोरगी रडता रडता एकदम हसायला लागली.

"बाबा, आई ने आपका नाम लिया."

"काय?" हे म्हणाले.

तिने पर्समधून डबी काढली. यांनी कान पुसला, मशीन बसवली, ती शिट्टी वाजवून गप्प झाली. पोरीने पुन्हा सांगितलं. "नाम लिया. चिल्ला-चिल्ला के. कितनी बार!"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. नव्या नवरीसारखी लाज वाटली मला, पांढऱ्या केसांत.

"मले नाही आलं ऐकू," हे म्हणाले. चेहरा असा झाला की मला पाहवेना. मग म्हणाले, "आता घे. डॉक्टर म्हणाला ना, हाही कान जाईल. जायच्या आधी एकदा ऐकू दे."

मी घेतलं. पण घसा पार बसलेला, नुसती हवा निघाली. यांनी भुवया आखडल्या, मशीनचं बटण फिरवलं, मान हलवली. काही पोचलं नव्हतं.

मी उठले. पोरीसमोर, दीदीसमोर, यांचं ओलं डोकं दोन्ही हातांनी धरलं, तोंड कानाला लावलं आणि पुन्हा घेतलं. मशीन कर्कश शिट्टी वाजवत होती. मी थांबले नाही.

"ओ," हे म्हणाले.