येऊन राहिले!

कुणी गोड बोलायला लागलं की आमच्या घरात आधी दाराची कडी तपासतात.

ही सवय आमच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, आणि त्यांना ती अनुभवाने लागली होती. त्यांचे वडील डोळे दाखवायला म्हणून वाईहून कसबा पेठेत एका ओळखीच्यांकडे चार दिवसांसाठी आले, ते परत गेलेच नाहीत! त्याच दोन खोल्यांत अण्णांचं लग्न झालं, मी झालो, माझंही लग्न झालं. घरमालक दर दिवाळीला यायचे आणि "काय मग, डोळे कसे आहेत?" एवढंच विचारायचे. त्यामुळे माणूस घरात कसा शिरतो आणि मग कसा निघत नाही, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण मला हडपसरला एका नव्या संगणक कंपनीत नोकरी लागली. (संगणक मला येत नव्हता. मी हिशेबखात्यात होतो, पण कसब्यात 'कॉम्प्युटरमध्ये आहे' असंच सांगायचो.) दोन बस बदलताना जीव मेटाकुटीला यायचा. तशात एके दिवशी पोळ्या लाटता लाटता माझी बायको सुलभा म्हणाली, "अहो, मला एक खिडकी हवी. जिच्यातून दुसऱ्याचं स्वयंपाकघर दिसत नाही अशी." लग्नानंतर तिने मागितलेली ही पहिलीच वस्तू. नाही कसं म्हणणार?

म्हणून कॅनॉलपलीकडची एक नवी सोसायटी बघायला गेलो. जाहिरातीत होतं, 'टेकडीच्या कुशीत, प्रेमळ माणसांच्या सहवासात!'

"सहवासाचे वेगळे पैसे लावतील," अण्णा म्हणाले.

टेकडी मात्र खरोखरच होती. खाली कॅनॉल, पलीकडे उसाचं शेत. सुलभा खिडकीशी गेली ती हलेचना. अण्णांनी नळ सोडून पाहिले, भिंतींवर टकटक केली आणि टेकडीकडे डोळे बारीक करून बघितलं. "एवढी छान जागा अजून शिल्लक आहे म्हणजे काहीतरी गोम असणार."

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधून एक गृहस्थ हसत बाहेर आले. ओळखदेख नसताना हसत! हे गावंडे. मूळचे अकोल्याकडचे, इथे जवळच्या कारखान्यात नोकरीला.

"काय भाऊ, फ्लॅट पाहून राहिले का?"

"पाहून मग राहू," मी म्हणालो. "न पाहता कोण राहतं?"

ते पोट धरून हसले. मी विनोद केलेला नव्हता.

"चहा घ्या ना."

"झालाय."

"मग आता जेवूनच जा!"

अण्णांनी माझा दंड धरून मला जिन्यात ओढलं. "बंड्या, चहाला नाही म्हटलं की माणसाने सुटल्यासारखं 'बरं' म्हणायचं असतं. हा तर जेवायला घालतोय! काहीतरी विकणार बघ. विमा, नाहीतर पाणी शुद्ध करायचं यंत्र."

तरी खिडकीपुढे आमचं काही चाललं नाही. अण्णांनी एकच अट घातली. कसब्यातल्या खोल्या सोडायच्या नाहीत. महिनाभरात जरा कुठे खुट्ट झालं की बिऱ्हाड परत! आणि कसब्याची किल्ली त्यांनी जानव्याला बांधून टाकली. सुलभा त्या किल्लीकडे सवतीकडे पाहावं तशी पाहायची.

सामान आलं त्या दिवशी गावंडे बाह्या सरसावून ट्रकपाशी हजर! आमचं लोखंडी कपाट त्यांनीच वर चढवलं. त्यांच्या पत्नीने प्यायचं पाणी भरून ठेवलं. त्यांची आई, जिला सगळे माय म्हणत, आमच्या उंबऱ्यावर बसून लसूण सोलत सगळ्यावर देखरेख करत होती.

"आपल्याकडे काय काय आहे ते पाहून ठेवतायत," अण्णा माझ्या कानात म्हणाले.

आणि जाता जाता गावंडेंनी बॉम्ब टाकला. "बरं का लिमयेसाहेब, सैपाकाचं काही करू नका. संध्याकाळी आम्ही सारेच तुमच्याकडे येऊन राहिलो!"

"सारेच?"

"हाव ना! मी, बायको. माय पण येऊन राहिली."

दार लागलं. अण्णा मटकन खोक्यावर बसले.

"येऊन... राहिली! माझे वडीलही असेच आले होते."

"पण अण्णा, त्यांचं घर समोरच आहे," सुलभा म्हणाली. "ते आपल्याकडे कशाला राहायला येतील?"

"ते भाड्याने देतील!" मी ओरडलो. (माझी हुशारी अशी ऐन वेळी उफाळते.) "आमच्या कंपनीतली पोरं जागा शोधत वणवण हिंडतायत. त्यांचा फ्लॅट पोरांना भाड्याने, आणि म्हातारी आपल्या दिवाणावर!"

अण्णांनी माझ्याकडे प्रथमच अभिमानाने पाहिलं.

बेत ठरला. ते यायच्या आत बॅगा घेऊन बाहेर पडायचं. अचानक गावाला निघालो, नाइलाज आहे! बॅगा रिकाम्या दिसू नयेत म्हणून मी त्यांत उशा कोंबल्या. सुलभाला मी अक्षरशः ढकलत जिन्याशी आणलं आणि दार ओढलं. खट्!

मी कुलूप काढलं आणि कोयंडा शोधू लागलो. वर नाही, खाली नाही. बिल्डरने कोयंडाच बसवला नव्हता! अशी लबाडी!

"अहो," सुलभा शांतपणे म्हणाली, "याला लॅच आहे. लागलं ते. किल्ली घेतलीत ना?"

जन्म कडी-कोयंड्यात गेलेल्या माणसाला लॅच काय ठाऊक? किल्ली आत, खिळ्यावर.

"घाबरू नका!" अण्णांनी सदऱ्यात हात घालून दिमाखात किल्ली बाहेर काढली आणि दाराला लावली. ती कसब्याची होती.

नेमकं त्याच वेळी समोरचं दार उघडलं. गावंडे, हातात भाकऱ्यांची दुरडी. मागे वहिनी, हातात भलंमोठं पातेलं. मागे माय.

"हे काय, कुठी चालले?"

"कसब्यात. आत्या आजारी आहे," मी म्हणालो.

"अरे बाप्पा! काय झालं?"

"डोळे," मी म्हणालो. "गुडघे," त्याच क्षणी अण्णा म्हणाले.

गावंडेंनी मदतीला म्हणून एक बॅग उचलली, ती त्यांच्या डोक्यापर्यंत गेली. "लय हलकी हाय हो!"

अण्णांना आता राहवेना. "आमचं सोडा. तुमची अंथरुणं कुठायत?"

"अंथरुणं? कायले?"

"राहायला येणार ना तुम्ही? येऊन राहिलो म्हणालात!"

गावंडेंनी आधी आमच्याकडे, मग बॅगेकडे, मग वहिनींकडे पाहिलं. "आवो, येऊन राहिलो म्हणजे येतो आहोत! चहा पिऊन राहिलो म्हणजे चहा पितोय! त्यात मुक्काम कुठचा आला?"

वहिनींना पातेलं खाली ठेवावं लागलं, इतकं हसू आलं. माय विचारत होती, "काय म्हणून राहिले हे लोक?" आणि मला 'पाहून मग राहू' आठवलं आणि माझे कान तापले.

किल्लीवाला गाडीतळावर बसायचा. आता तो सकाळीच भेटणार होता. अण्णांनी संधी साधली. "चला, परमेश्वरानेच दार लावलं. ही किल्ली आहेच. कसब्यात जाऊ, सामान मागाहून नेऊ."

सुलभा बॅगेवर बसली. उशांमुळे खोल गेली, पण उठली नाही. "तुम्ही जा. मी इथेच बसते. माझी खिडकी आत आहे." इतक्या वेळात मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. दोन म्हाताऱ्या शंकांपायी (त्यांतली एक माझी) तिची एकुलती एक हौस दाराबाहेर येऊन बसली होती.

मायने अण्णांच्या पुढ्यात पातेल्याचं झाकण काढलं. गोळाभात! बेसनाचे गोळे, वाफाळता भात, लसणाचा वास साऱ्या जिन्यात.

"जेवून जा म्हणा," ती गावंडेंना म्हणाली. "त्यांची आत्या कुठी पळून नाही चालली."

अण्णांनी पातेल्यात वाकून पाहिलं. "वरून फोडणीचं तेल आहे?"

"हाय ना."

"मग जेवून निघू."

अण्णांनी तीनदा भात मागून घेतला, हात धुतले आणि 'जरा पाठ टेकतो' म्हणत गावंडेंच्या दिवाणावर आडवे झाले. सकाळी किल्लीवाला आला तेव्हाच ते उठले. आम्हीही तिथेच झोपलो. (उशा मात्र आमच्याच होत्या. कुणाचे उपकार ठेवत नाही आम्ही!)

पुढच्या रविवारी अण्णा कसब्यात जाऊन घरमालकांना किल्ली देऊन आले. मालकांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि संशयाने विचारलं, "काय विकताय?"

सुलभा अजून त्या खिडकीशी बसूनच चहा घेते. आणि गावंडेंकडे पाहुणा आला की ते मला हाक मारून ओळख करून देतात.

"हे लिमयेसाहेब. पहिल्याच दिवशी आमच्याकडे येऊन राहिले." मग पाहुण्याने गैरसमज करून घेऊ नये म्हणून लगेच सांगतात, "पुणेरी मराठीत!"