औरादच्या डाळ मिलमध्ये माझी पुस्तकं

गेली सहा-सात वर्षं माझ्याकडून कर्नाटकात, बीदरजवळच्या औरादला पुस्तकं जातात. मी सोलापुरात घरातूनच जुनी पुस्तकं विकते. घर बदलणारे, रद्दीवाले, बंद पडलेली वाचनालयं यांच्याकडून ती येतात. मी ती पुसते, फोटो काढते आणि यादी फोनवर टाकते. गिऱ्हाइकं बहुतेक एकाच वाटेनं जाणारी असतात. परीक्षेवाला परीक्षेचंच मागतो आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांचा शौकीन दुसरीकडे ढुंकूनही बघत नाही. औरादच्या सुजाता नावाच्या बाईंची मागणी मात्र दर वेळी चक्रावून टाकायची. शेवटची अशी होती: बायकांच्या आजारांवर सोप्या भाषेतलं एखादं पुस्तक, लकव्याबद्दल काही असेल तर ते, छोटा धंदा कसा वाढवावा यावरचं एखादं आणि खुनाच्या कादंबऱ्या चार. "पण मागच्यासारख्या नकोत, त्यातला खुनी लवकर कळाला." पत्ता एका डाळ मिलचा.

हे सगळं एकच माणूस वाचतं का, असं मी एकदा फोनवर विचारलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, यून बघा की ताई. जानेवारीत हातातली कामं कमी होती. मी दोन साड्या, पाण्याची बाटली आणि त्यांच्या पार्सलचं खोकं घेऊन निघाले.

जाणाऱ्यांसाठी आधी रस्त्याचं सांगते. सोलापूरहून बीदरची थेट गाडी मिळते, पण मला बसवकल्याण बघायचं होतं, म्हणून मी उमरग्याला उतरून गाडी बदलली. हैदराबादचा हमरस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना तूर काढणीला आलेली. हद्द ओलांडल्याचं पाट्यांवरून कळतं. अक्षरं गोल होतात, गाडीतल्या बायकांचं बोलणं मात्र तेच मराठी राहतं. कर्नाटकच्या साध्या बसमध्ये तिथल्या बायकांना तिकीट पडत नाही. मी ऐटीत आधारकार्ड पुढे केलं. कंडक्टरनं पत्ता वाचला आणि "अक्का, हे सोलापूरचं" म्हणत शांतपणे तिकीट फाडून दिलं. तेव्हा मैत्रिणींनो, पैसे हाताशी ठेवा.

बसवकल्याणला दुपारी पोचले. स्टँडजवळ सुसला आणि मिरची भजी खाल्ली. सुसला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी. पोट भरतं आणि जड होत नाही. मग अनुभव मंटप बघितला. आठ-नऊशे वर्षांपूर्वी या गावात चांभार, धोबी, शेतकरी, बायका एकत्र बसून देवाधर्माबद्दल आणि आपापल्या कामाबद्दल बोलत, असं सांगतात. तिथं मी बराच वेळ बसून होते. संध्याकाळी हुमनाबादमार्गे बीदर गाठलं आणि तिथल्या नौबाद भागात एका ओळखीच्या घरी उतरले. यजमानीणबाईंनी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. तिला इकडे पुंडी म्हणतात.

सकाळी आधी जुना मदरसा बघून आले. बहमनी काळातली ही इमारत आता अर्धी पडलेली आहे, पण उरलेल्या मिनारावर निळ्या-हिरव्या फरशा अजून चिकटून आहेत. इथं एकेकाळी लांबलांबचे विद्वान शिकवायला येत आणि मोठं ग्रंथालय होतं, असं राखणदारानं दख्खनीत सांगितलं. "किताबां कहाँ गए?" मी माझ्या मोडक्या दख्खनीत विचारलं. त्यानं हात हवेत उडवले. मान मागे टाकून मी मिनाराकडे बघत राहिले. कुणी वाचावं म्हणून एवढं उभारलं होतं, हे मनात येऊन अंगावर शहारा आला.

बीदर ते औराद बसला सव्वा तास लागतो. लाल माती मागे पडते आणि काळं रान सुरू होतं. स्टँडवर सुजाताबाई स्कूटी घेऊन आल्या होत्या. चाळिशीच्या, बारीक, चष्मा लावलेल्या. बारावीपर्यंत औरादच्या मराठी शाळेत शिकलेल्या. आधी मला घरी नेलं. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली पुस्तकांची पत्र्याची पेटी. माझं खोकं त्यांनी तिथंच उघडलं, चारही कादंबऱ्यांची शेवटची पानं आहेत का ते आधी तपासलं आणि मला घेऊन मिलवर निघाल्या. वाटेत त्यांनी सगळं सांगितलं.

मिलमध्ये मशीन एका इमारतीत आहे. मशीनमधून आलेली डाळ हातानं निवडायची शेड थोडी बाजूला आहे. तिथं वीसेक बायका बसतात. सात वर्षांपूर्वी सुजाताबाई स्कूटीवरून पडल्या आणि मनगट मोडलं. निवडता येईना, पण घरी बसवेना, म्हणून त्या येऊन पेपर वाचून दाखवायला लागल्या. पेपर संपला की बायका म्हणायच्या, अजून काहीतरी वाच. मनगट बरं झालं, वाचन थांबलं नाही. त्यांच्या वाट्याची डाळ बाकीच्या सगळ्या मिळून निवडतात.

मी शेडच्या दारात उभी राहिले. दोन रांगांत बायका बसलेल्या, समोर सुपं, हात सारखे चाललेले. डाळीची सळसळ सोडली तर आवाज नाही. सुजाताबाई एका उलट्या डब्यावर बसल्या आणि वाचू लागल्या. सकाळी डोकं ताजं असतं म्हणून आजारांचं पुस्तक. जेवणानंतर झोप येते म्हणून खुनाची कादंबरी. शेवटचा अर्धा तास धंद्याचं, कारण तेव्हा मालक येतात.

मी पोचले तेव्हा कादंबरीची वेळ होती, मागच्या पार्सलमधली. एका डॉक्टरच्या बंगल्यावर खून झालेला आणि मोलकरणीवर संशय. सुजाताबाईंच्या मागे बसून मी पानात डोकावले आणि चकित झाले. त्या जे वाचत होत्या ते छापलेलं नव्हतं. पुस्तकात होतं, "इन्स्पेक्टर क्षणभर स्तब्ध झाला." त्या वाचत होत्या, "इन्स्पेक्टर जागच्या जागी थिजला बघा." दोन बायका तेलंगणाच्या बाजूच्या होत्या; अवघड जागा आली की त्यांच्यासाठी सुजाताबाई एखादा तेलुगू शब्द मध्येच टाकायच्या. कुठंही अडखळणं नाही. डोळे एक भाषा उचलत होते आणि तोंडातून दुसरी उतरत होती. पंचवीस वर्षं मी पुस्तकं हाताळतेय, पण असं वाचन मी कधी ऐकलं नव्हतं.

आणि ऐकणंही तसंच. प्रकरण संपल्यावर एकीनं मत दिलं की मोलकरणीनंच मारलंय. कोपऱ्यातल्या एक पन्नाशीच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "ती न्हाई. तिचा उजवा हात अधू हाय, दुसऱ्या दिवशीच्या वाचनात आलंय." ते वाचून आठ दिवस झाले होते. या काशीबाई. अप्पांच्या मिलमध्ये सगळ्यात जुन्या.

अप्पा म्हणजे मालक. पांढरं धोतर, मराठी चांगलं बोलतात, पण शाळा कन्नडमध्ये झाल्यानं मराठी वाचायला वेळ लागतो. ते दाराबाहेर खुर्ची टाकून लॉरीचे कागद बघत असल्यासारखे बसले. मी विचारल्यावर कबूल केलं की सुरुवातीला त्यांनी हे बंद करायला सांगितलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं, "बोलत बसल्या की हात थांबतो. ऐकायलेल्या असल्या की न्हाई थांबत." धंद्याच्या एका पुस्तकात होतं की माल कुठला ते गिऱ्हाइकाला सांगावं. तेव्हापासून हातानं निवडलेली डाळ ते छोट्या पुड्यांत वेगळी विकतात आणि पुडीवर औरादचं नाव तीन लिप्यांत छापतात. नवीन मशीन आलं तेव्हा ही शेड बंद पडायची ती या पुड्यांमुळे टिकली. हे सांगताना ते माझ्याकडे जरा आदरानं बघत होते, जणू ते पुस्तक मीच लिहिलं होतं. मी ते आठ पुस्तकांच्या गठ्ठ्यात किलोवर घेतलं होतं.

संध्याकाळी घरी जाताना सुजाताबाईंनी काशीबाईंबद्दल सांगितलं. चार वर्षांपूर्वी सुजाताबाई शेडमध्ये बायकांच्या आजारांचं पुस्तक वाचत होत्या. छातीतल्या गाठीचं प्रकरण आलं. आधी बायका लाजून हसल्या. काशीबाई म्हणाल्या, तेवढं परत वाच. वाचलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, अजून एकदा. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत सगळ्या सुपांचा आवाज थांबला होता. दुसऱ्या दिवशी सुजाताबाई आणि अजून दोघी त्यांना घेऊन बीदरच्या दवाखान्यात गेल्या. मग हैदराबादला ऑपरेशन, पुढं सहा महिने औषधं. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले.

"आन त्याच वक्ताला तुमचं एक पुस्तक आलं, ताई," त्या म्हणाल्या. त्यांनी न मागवलेली एक प्रेमकथा मी पाठवली होती. मला आठवलं. खोक्यात जागा उरली की पुस्तकं हलून कोपरे मोडतात, म्हणून मी एखादं पडून राहिलेलं पुस्तक फुकट घालते. हे तसलंच होतं. काशीबाई औषधांच्या मधल्या आठवड्यांत डोक्याला रुमाल बांधून शेडमध्ये येऊन नुसत्या बसायच्या आणि त्यांना ती प्रेमकथा फार आवडली होती. नायिका आजारी पडते, नायक तिच्यासाठी धावपळ करतो. सुजाताबाई कधीही पुढचं आधी वाचत नाहीत. शेवटच्या प्रकरणात नायिका मरते, हे त्यांना वाचता वाचताच कळलं.

"मान वर केली तर काशीबाई माझ्याच तोंडाकडं बघायलेल्या. मग मी पान उलटलं आन तिला जगवलं."

पुढची तीन पानं त्यांनी मनानंच रचली. नायिका बरी होते, गावी येते, बोरीच्या झाडाला पाणी घालते. कुणाला काही कळलं नाही. ते पुस्तक त्यांनी पेटीत सगळ्यात खाली ठेवलं. हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, म्हणाल्या. तुम्हीही काशीबाईंना सांगू नका. मी शब्द दिला. मी तर फक्त खोक्यातली जागा भरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलवर लवकर गेले. वाचन सुरू व्हायचं होतं. काशीबाईंनी मला शेजारी बसवून सूप दिलं आणि काळे दाणे कसे बाजूला ओढायचे ते दाखवलं. पुस्तकं पाठवणारी बाई तूच का, असं विचारलं. मग आवाज खाली करून म्हणाल्या, तुला एक सांगते, सुजाताला सांगू नको.

औषधं संपल्यावर घरी बसून काय करावं म्हणून त्यांना ते प्रेमकथेचं पुस्तक वाचावंसं वाटलं होतं. शाळा तिसरीपर्यंतच, पण ऐकलेलं पुस्तक सोपं जाईल असा हिशोब. सुजाताबाई मिलवर असताना त्यांच्या सासूकडून मागून घेतलं. दोन महिने लागले. शेवटाशी आल्या तर नायिका मरायला लागली. आपलंच वाचायला चुकतंय असं वाटून तीच पानं परत वाचली. मग कळलं.

मी विचारलं, मग तुम्ही काय केलं?

"काय करणार? पुस्तक झाकलं आन म्हशीला पाणी दाखवलं."

पुस्तक गुपचूप परत गेलं. आठवड्यानं मिलवर आल्यावर काशीबाईंनी सगळ्यांदेखत सुजाताबाईंना सांगितलं, त्या गोष्टीचा शेवट परत एकदा वाच, मला ऐकू वाटायलंय. सुजाताबाईंनी पेटीतून पुस्तक आणलं, शेवटचं प्रकरण उघडलं आणि परत नायिकेला बरं केलं. पहिल्या वेळचे शब्द त्यांना आठवत नव्हते. या वेळी नायिका नुसती गावी आली नाही, तिनं दुकान काढलं.

"दुसऱ्या बारीला तर अजून चांगलं वाचली," काशीबाई म्हणाल्या. त्यांचे हात सुपात चालूच होते.

मी विचारलं, मग तिला सांगितलं का नाही?

"कामून सांगू? तिला वाटंल, आता हिला फसवता येत न्हाई. पुढं कवा परत लागलं तर?"

तेवढ्यात सुजाताबाई आल्या, डब्यावर बसल्या आणि लकव्याचं प्रकरण उघडलं. मी दोघींच्या मध्ये बसून डाळ निवडत होते. मदरशाच्या मिनाराखाली जसा शहारा आला होता तसाच परत आला, या वेळी पत्र्याच्या शेडमध्ये. दुपारी सगळ्यांचा निरोप घेतला. अप्पांनी डाळीच्या पाच पुड्या दिल्या, पैसे घेतले नाहीत. औरादहून उदगीर, लातूरमार्गे परतले. ही वाट लांबची आहे, पण गाड्या बदलायला सोप्या.

घरी आल्यावर मी आधी कपाटासमोर बसले. जागा भरायला काढून ठेवलेली पुस्तकं एकेक करून शेवटपर्यंत वाचायला घेतली आहेत. दोन झाली. तिसऱ्यातला नायक मरतो. ते खोक्यात घालायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही.

हे लिहून झाल्यावर आठवडाभर तसंच ठेवलं. दोघींचं गुपित माझ्याकडे, आणि सुजाताबाई माझं सगळं लिखाण फोनवर वाचतात. शेवटी काशीबाईंना फोन करून लिहू का विचारलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरनं आता वरसातून एकदाच या म्हणलंय, आता कळालं तरी चालंल. मग सुजाताबाईंना फोन करून त्यांचं गुपित लिहू का विचारलं आणि हे सगळं त्यांना वाचून दाखवलं, छापलं आहे तसं, एक शब्द न बदलता. संपल्यावर फोनमधून नुसतं मिलचं मशीन ऐकू येत होतं. मला वाटलं, दुखावल्या.

मग त्यांनी विचारलं, "आख्खं पुस्तक वाचलं त्यांनी? एकटीनं?"

मी हो म्हणाले.

"जोडाक्षरांसकट?"