सावलीचा डबा

टेबलावर रंगीबेरंगी लोकरीच्या लडी पसरल्या होत्या. रेल्वेच्या डॉक्टरनं त्यातली एक उचलून आर्नो हिल्शरच्या हातात दिली. "हिच्या जातीच्या असतील तेवढ्या बाजूला काढ." चौदा वर्षांच्या आर्नोनं नीट निरखून सहा लडी काढल्या. डॉक्टर त्या सहा लडी परत ढिगात टाकत दारापाशी टोपी हातात घेऊन उभ्या असलेल्या बापाला म्हणाला, "हिल्शर, याला तांबडा सिग्नल दिसायचा नाही. तुम्ही स्वतः सिग्नलवाले. मी आणखी काय सांगू?"

बाप झिटाऊ या जर्मन गावाच्या सिग्नल-केबिनमध्ये बावीस वर्षं खटके ओढत होता. आजा रुळांवर मेला होता.  घरच्या पायरीवर बूट झटकताना बाप म्हणाला, "आईला सांग, उंची कमी भरली."

आर्नो वर्गात सगळ्यात उंच होता. 

रेल्वे नाही म्हणून त्याला बाजारचौकातल्या पोल नावाच्या फोटोग्राफरकडं चिकटवलं. पोलच्या काळोख्या खोलीत तांबडा दिवा जळायचा. इतर उमेदवार त्या उजेडात फोटोच्या काचा धुवायचे, बाटल्यांवरची नावं वाचायचे. आर्नोला तो दिवा म्हणजे लांबच्या चुलीतला विझत आलेला निखारा. उजेड असा नाहीच. पण बोलायचं कुणाशी? तो बोटांनी शिकला. कुठली बाटली डावीकडून कितवी, काचेची कुठली बाजू गुळगुळीत आणि कुठली किंचित चिकट, पाणी कधी पुरेसं गार झालं. वर्षभरात पोलच्या दुकानात त्याच्यासारखा हात कुणाचा राहिला नाही.

एके दिवशी पोलनं त्याला निळी काच दाखवली. त्या काळच्या काचांना आणि फिल्मला तांबडं दिसत नसे. तांबडा गालिचा काळा उमटायचा, तांबडे ओठ काळे, आणि निळं आभाळ कोरं पांढरं. म्हणून फोटोग्राफर निळ्या काचेतून बघून घ्यायचे, की कॅमेऱ्याला समोरचं कसं दिसणार आहे.

"काय फरक पडला?" पोलनं विचारलं.

आर्नोनं काच डोळ्याला लावली, काढली, पुन्हा लावली. "फार काही नाही, मास्तर. जरा निळं झालं."

पोल हसला, मग हसायचा थांबला. त्यानं खिडकीचा पडदा, फुलदाणी, स्वतःची पडशी, एकेक वस्तू दाखवून आर्नोला रंग विचारले. शेवटी खुर्चीत बसला. "देवानं काच तुझ्या डोळ्यातच बसवलीय, पोरा. पण हे कुणाला सांगू नकोस. आंधळ्याकडून कुणी फोटो काढून घेत नाही."

ती काच आर्नोनं पुढं सत्तावीस वर्षं गळ्यात घातली. मधूनमधून डोळ्याला लावायचा. लोक बघत असतील तेव्हा.

बर्लिनला तो फिल्मच्या धंद्यात आला तो हातामुळं. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवावा लागे, सेकंदाला दोन फेरे, कमी नाही आणि जास्त नाही. कुणी गाणं गुणगुणत फिरवायचा, कुणी मनातल्या मनात आकडे मोजायचा. आर्नो मनात रुळांच्या सांध्यांवरून जाणारी मालगाडी ऐकायचा. समोर खून होवो की लग्न, त्याची मालगाडी एकाच चालीनं जायची. मग युद्ध आलं, गेलं. त्यातून तो आला तो मेटा नावाच्या परिचारिकेशी लग्न करून. त्याच्या डोळ्यांचं तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. ती रोज रात्री त्याचे मोजे जोडीनं गुंडाळून ठेवू लागली. 

एकोणीसशे वीस साली बर्लिनच्या वायसेनझे भागातल्या एका काचेच्या स्टुडिओत तो डॉक्टर लोझे या दिग्दर्शकाचा कॅमेरामन झाला. लोझेला सगळे 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायचे. कोळसा नव्हता, वीज तासावर मिळायची. दिव्यांनी सावल्या पाडायला वीज नाही, म्हणून सावल्या रंगवायची पद्धत पडली. वाकड्या भिंती, कलत्या खिडक्या, आणि जमिनीवर, जिन्यावर, छतावर ब्रशनं काढलेल्या लांबच लांब काळ्या सावल्या. त्या काढायचा गुस्ताव ब्रोझिके. बर्लिनचा जुना पाटीरंगाऱ्या. तोंड फाटकं, हात सरळ.

पहिल्याच फिल्मच्या वेळी काळा रंग मिळेना. मागच्या शेडमध्ये मात्र युद्धातला, लोखंडी पुलांना लावायचा गंजविरोधी तांबडा रंग पिंपांनी पडला होता. "फिल्मला कुठं कळतंय!" म्हणून ब्रोझिकेनं तोच घेतला आणि डब्यावर खडूनं लिहिलं: सावली. त्या आठवड्यात आर्नो तापानं घरी होता. परत आला तेव्हा सेट तयार होता आणि सावल्या काळ्या होत्या. निदान त्याला तरी.

पुढं काळा रंग मिळू लागला तरी सावली म्हणजे त्या डब्यातली, हे ठरून गेलं. "दोन डबे सावली आण रे," असंच सगळे म्हणायचे. एकदा कुठल्या वर्तमानपत्राचा माणूस सेट बघायला आला आणि म्हणाला, "इथं तर कसाईखान्यात आल्यासारखं वाटतं." आर्नोला ती तारीफ वाटली. वातावरण जमलंय, असं त्यानं मेटाला सांगितलं.

आणि जमत होतंच. नटाची खरी सावली ब्रोझिकेच्या रंगवलेल्या सावलीला कुठं जाऊन मिळते, हे पडद्यावर कुणालाही दाखवता यायचं नाही. दुसरे कॅमेरामन येऊन विचारायचे, जोड कसा लपवतोस? आर्नो खांदे उडवायचा. त्याला जोड दिसतच नव्हता. तो दोन्हींना एकच सावली समजून दिवे लावायचा, आणि फिल्मचंही मत तेच असायचं.

त्या स्टुडिओत एक रिवाज होता. सेट रंगवून झाला की कॅमेरामन एकट्यानं त्यावरून एक फेरी मारायचा आणि पसंत पडला की कोपऱ्यात खडूची फुली काढायचा. फुलीनंतर रंगाऱ्यानं ब्रश लावायचा नाही, आणि फुलीनंतरची चूक रंगाऱ्याची नाही. आर्नोची फुली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

शनिवारी दुपारी काम सुटलं की तो आणि ब्रोझिके तळ्याकाठच्या बागेत आंबट पांढरी बिअर प्यायला बसत. ब्रोझिके रासबेरीचा पाक घालून तांबडी घ्यायचा, आर्नो रानपाल्याचा पाक घालून हिरवी.

"ही तिसरी खेप," ब्रोझिके एकदा म्हणाला. "माझी रासबेरी तू ढोसतोयस."

"लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं म्हणे! उद्या माझी बायको घेऊन जाशील आणि म्हणशील लक्ष नव्हतं."

"तुझी बायको बघितलीय मी. तेवढं लक्ष असतं माझं."

ब्रोझिके खदखदून हसला. मग आर्नोच्या ग्लासाकडं, आर्नोच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत राहिला. पुढच्या शनिवारपासून ग्लास आले की हिरवा तो स्वतःच्या हातानं आर्नोपुढं सरकवू लागला. विषय मात्र त्यानं काढला नाही.

सत्तावीस साली नवी फिल्म आली. डब्यासोबत कारखान्याचं पत्रक होतं. त्यात लिहिलं होतं की ही फिल्म सगळे रंग माणसाच्या डोळ्यासारखे बघते. आर्नोनं ते खिशात घालून घरी नेलं. मेटानं बटाटे सोलता सोलता वाचलं.

"डोळ्यासारखे म्हणजे कुणाच्या?"

"फिल्मचे छोटे तुकडे काढून बघेन आधी. ओठ, गाल, कपडे. शिकेन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी कोण?" आर्नो म्हणाला. मेटानं बटाट्याचा डोळा सुरीच्या टोकानं कोरून काढला आणि पुढचा बटाटा घेतला.

तो खरोखर शिकला. नट्यांच्या रंगपेट्या मागून घेतल्या, प्रत्येक कांडीचा रंग नव्या फिल्मवर उतरवला, वहीत नोंदी केल्या: सात नंबरचे ओठ आता फिके येतात. कपड्यांची चिंध्या-चिंध्यांनी परीक्षा घेतली. फक्त सावल्या तपासायचं त्याच्या मनात आलं नाही. काळ्यात काय तपासायचं?

लोझेची नव्या फिल्मवरची पहिली गोष्ट एका कैद्याची होती. पहिलंच दृश्य तुरुंगाच्या जिन्यावरचं. ब्रोझिकेनं चार दिवस खपून सगळ्या जिन्यावर गजांच्या सावल्या ओढल्या होत्या, पायरीपायरीला मोडत वर जाणाऱ्या. आर्नोनं फेरी मारली, फुली काढली, दिवे लावले, दांडा फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडा पडद्यावर बघितला. कैदी पायरीवर डोकं धरून बसलेला होता आणि त्याच्या भोवतीच्या पायऱ्यांवरून फिकट, धुतल्यासारखे राखाडी पट्टे गेले होते. आरामखुर्चीच्या कापडावर असतात तसे. वाटावं, माणूस समुद्रावर हवापालटाला आलाय.

"माझी रात्र कुठं गेली?" लोझे म्हणाला. तो कधी ओरडत नसे. "ब्रोझिकेला बोलवा. डब्यासकट."

दिवे लागले. ब्रोझिके डबा घेऊन आला. लोझेनं आत डोकावलं.

"तांबडा?"

"सावलीचा आहे, हेर डॉक्टर. सात वर्षं हाच आहे."

"सात वर्षं मी सेटवर पायाखाली काय आहे ते बघितलं नाही, ते माझं कामही नाही. पण हिल्शरचं आहे. आणि हिल्शरच्या नजरेतून माशी सुटत नाही." लोझे सावकाश बोलत होता, गणित सोडवल्यासारखं. "नव्या फिल्मवर त्यांनी प्रत्येक चिंधी तपासलीय. जिना तांबडा असता तर त्यांनी फुली काढलीच नसती. म्हणजे फुली काढली तेव्हा तो काळा होता. म्हणजे तुम्ही फुलीनंतर ब्रश लावलात."

फुलीनंतर ब्रश म्हणजे त्याच दिवशी घरी. आणि बर्लिनमधल्या कुठल्याही स्टुडिओचं दार पुन्हा उघडायचं नाही. ब्रोझिके एकसष्ट वर्षांचा होता. त्यानं आर्नोकडं बघितलं. बाजूच्या खुर्च्यांवर बसलेल्या कुणाला त्या बघण्यात काही दिसलं नसावं. मग डब्याची कडी या हातातून त्या हातात घेत तो म्हणाला, "असंल. वाळल्यावर जरा फाटलं होतं, तिथं हात फिरवला असंल मी. म्हातारपण, हेर डॉक्टर."

आर्नोला कुठं तरी मालगाडी ऐकू येत होती. तिच्या चालीत बदल नव्हता.

"त्यानं ब्रश लावलेला नाही," तो म्हणाला. "त्या डब्यात मला आत्तासुद्धा काळाच रंग दिसतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे मला तांबडं दिसत नाही, हेर डॉक्टर. कधीच दिसलं नाही."

लोझे हसला. हसता हसता त्यानं स्वतःचा टाय पुढं ओढून धरला. "हा कोणत्या रंगाचा?"

"सांगता येत नाही. तपकिरी म्हणेन."

टाय हिरवा होता.  ब्रोझिके पुटपुटला, "गाढवा."

"तुम्ही माझ्या सात फिल्म केल्यात," लोझे टाय सोडून देत म्हणाला.

"अकरा, हेर डॉक्टर."

जिना पुन्हा रंगवला गेला, काळ्यानं. ब्रोझिकेनंच रंगवला. कॅमेऱ्यामागं दुसरा माणूस आला, फुलीही त्यानं काढली. लोझे माणूस वाईट नव्हता. त्यानं आर्नोला काढलं नाही, मागच्या अंगणातल्या फिल्म धुण्याच्या खोल्यांत पाठवलं, तात्पुरतं म्हणून. तिथंही नव्या फिल्मनं गोंधळ माजवला होता. ती तांबडं बघायची, म्हणून तांबडा दिवा विझवावा लागला होता. ठार अंधार. वीस-वीस वर्षं त्या दिव्यात काम केलेले लोक एकमेकांच्या अंगावर आदळत होते, फिल्म गुंडाळलेल्या चौकटी हातातून सुटत होत्या, फिल्मवर नखं उमटत होती. मुकादम श्टेफेकचा शिव्या घालून घसा बसला होता.

"तुम्ही कॅमेऱ्याचे साहेब," तो अंधारात म्हणाला. "बाजूला उभे राहा म्हणजे झालं. पायात येऊ नका."

आर्नोनं टाक्यांच्या कडेवरून एकदा हात फिरवला. डावीकडून तिसरी, मग पाणी, मग चौथी. चौकट उचलली. फिल्मची गुळगुळीत बाजू, किंचित चिकट बाजू. तासाभरात श्टेफेकच्या शिव्या कमी झाल्या. जेवणाच्या सुटीआधी तो म्हणाला, "ही चौकट कोण धुतंय? हेर हिल्शर? बाकीचे थांबा. हे कसं करतात ते ऐका."

आर्नो ते सांगू शकला नाही. बोटांना माहीत होतं, तोंडाला नव्हतं.

शनिवारी दुपारी तळ्याकाठी तो गेला नाही. लोकांना तोंड दाखवावंसं वाटत नव्हतं, आणि टाक्याही रिकाम्या नव्हत्या. चारच्या सुमारास बाहेरचं दार वाजलं. त्या खोल्यांना दोन दारं असत आणि मध्ये काळ्या पडद्यांचा अरुंद बोळ, तिथं उजेड येत नाही. आर्नो हात पुसून बोळात आला. बिअरचा आंबट वास आला.

"दिवा लाव की," ब्रोझिकेचा आवाज.

"इथं दिवा नसतो."

"मग हे काय धरून उभा राहू? बागेतून इथवर दोन ग्लास आणलेत, निम्मी बिअर माझ्या बाहीत गेलीय. तू आला नाहीस म्हणून मला वेट्रेसनं विचारलं, तुमचं भांडण झालं का. मी म्हटलं, त्या गाढवाला भांडता कुठं येतंय?"

"तू कशाला कबूल केलंस?" आर्नोनं विचारलं.

"मला तुझे ग्लास ठाऊक होते. डबा मात्र..." ब्रोझिके थांबला. "डबा डोक्यातच आला नाही माझ्या. मला वाटायचं, तांबड्या-हिरव्याचाच काय तो घोळ. काळं म्हणून बघत असशील असं कुणाला वाटेल? सात वर्षं तुझ्यासमोर तो घेऊन फिरलोय. तेव्हा चूक माझीही निम्मी." कापडावर काच घासल्याचा आवाज झाला. "घे. आता मला सांग, यातला हिरवा कुठला? मला काही दिसत नाही."

आर्नोनं दोन्ही ग्लासांवरून नाक नेलं. एक त्यानं ठेवून घेतला, दुसरा ब्रोझिकेच्या हातात दिला आणि त्याची बोटं काचेभोवती नीट बसली की नाही हे चाचपून बघितलं.

"रासबेरी," ब्रोझिके घोट घेऊन म्हणाला.

आतून श्टेफेकनं हाक मारली. चौथ्या टाकीची वेळ झाली होती.