पाचपर्यंत पेन्सिल

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात खिडकी क्रमांक तीनच्या मागे बसणाऱ्या बाईंच्या टेबलावर निळं, काळं आणि लाल अशी तीन पेनं असत, पण संध्याकाळी पाच वाजेपर्यंत त्यातल्या एकालाही त्या हात लावत नसत. दिवसभराच्या सगळ्या नोंदी पेन्सिलीनं. कुणी प्रवेश रद्द करायला आलं, कुणी दाखला काढून दुसरीकडे जायला आलं, की जनरल रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात बाई बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहीत आणि म्हणत, "पाचला या. तोपर्यंत विचार बदलला तर खोडरबर आहे." पाच वाजले की पेन उघडत, आणि मग ब्रह्मदेव आला तरी शाई पुसली जात नसे. आम्ही त्यांना 'पाचच्या बाई' म्हणायचो. खरं नाव टेबलावरच्या पाटीवर होतं, पण पाटीपुढे कायम फायलींची चळत असायची.

बोलणं अगदी पेठेतलं. "मॅडम, बोनाफाईड अर्जंट हवंय," असं कुणी म्हणालं की, "अर्जंट दवाखान्यात असतं. इथे दोन दिवस लागतात." सूचनाफलकाला टेकून उभ्या राहिलेल्या मुलाला एकदा म्हणाल्या, "तो वाचायला लावलाय. टेकायला तुमच्या घरी भिंती असतील." फॉर्म ऑनलाइन झाले तरी बाई आधी कोऱ्या प्रिंटवर पेन्सिलीनं कच्चा अर्ज भरून घेत आणि मगच संगणकाला हात लावत. शेजारच्या खिडकीतले लोक हसायचे. बाईंवर त्याचा काही परिणाम झालेला मी पाहिला नाही.

दुसऱ्या कुणाची माहिती मात्र त्यांच्याकडून मिळायची नाही. एकदा एक गृहस्थ आले. स्थळ बघत होते, आणि मुलगी वर्गात नियमित बसते का, एवढंच त्यांना हवं होतं. बाईंनी विचारलं, "आपल्या चिरंजीवांची मार्कशीट आणलीत? नाही? मग दोघांचंही झाकलेलं राहू द्या." गृहस्थ निघून गेल्यावर रांगेकडे बघून म्हणाल्या, "नोंद ज्याची, सही त्याची." हे वाक्य त्या दिवसातून चारदा म्हणत, आणि आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. ते माझ्याच गळ्याशी आलं तेव्हा नक्कल सुचली नाही.

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वडील उन्हाळ्यात गेले. धायरीत आमचं एकत्र घर, आणि वडिलांनंतर घरात शब्द चालायचा तो चुलत्यांचा, म्हणजे अण्णांचा. त्यांचं सिमेंट-सळईचं दुकान होतं. तिथे घरचं माणूस बसायला हवं होतं आणि ते माणूस मी, असं त्यांनी ठरवलं. अण्णा दुष्ट नव्हते. त्यांची एक पक्की समजूत होती, की दाखला कॉलेजात आहे तोवर पोरीचं मन कॉलेजात राहणार, आणि दाखला घरच्या कपाटात आला की विषय संपला. म्हणून एका दुपारी साडेतीनला ते मला गाडीवर बसवून खिडकी क्रमांक तीनसमोर घेऊन आले. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज माझ्याकडून घरीच लिहून घेतला होता.

बाईंनी अर्ज वाचला, रजिस्टर उघडलं, माझ्या नावापुढे पेन्सिलीनं 'रद्द' लिहिलं आणि म्हणाल्या, "पाचला या."

"आत्ता द्या की. अर्ज हाय, सही हाय, आणि काय पायजे?" अण्णा म्हणाले.

"सही माझ्यासमोर झालेली नाही. मुलीला आत पाठवा. आपण बाकावर बसा."

"मी चुलता हाय तिचा."

"असाल. रजिस्टरमध्ये आपलं नाव नाही."

मी आत गेले. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि विचारलं, "तुला काय हवंय?" मी म्हटलं, अण्णा म्हणतील तसं. त्या म्हणाल्या, "ते मी खिडकीतून ऐकलं. आता तुझं सांग." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाईंना रडण्याचं कौतुक नव्हतं. त्यांनी माझ्यापुढे एक कोरी प्रिंट ठेवली. बहिःस्थ विद्यार्थ्याचा अर्ज. नियमित प्रवेश सोडायचा, पण नाव पटावर ठेवायचं, घरी अभ्यास करायचा आणि परीक्षेला यायचं. पहिल्या वर्षाचे गुण तसेच राहणार, नोंदणी क्रमांक तोच राहणार, आणि दाखला कॉलेजातच राहणार.

"दुकानात बस, नाहीतर घरात बस. वर्गात बसायची सक्ती नाही," बाई म्हणाल्या. "आणि एकदा दाखला हातात घेऊन गेलीस, तर परत येताना नवा प्रवेश, नवी पात्रता. मी तीस वर्षं बघतेय, परत कुणी येत नाही." मग घड्याळाकडे पाहिलं. "या अर्जाची शेवटची तारीख आज आहे. पाचला संगणक बंद होतो."

मी पेन्सिल उचलली. आयुष्यात काही स्वतः ठरवून केलं असेल तर ते हेच पहिलं. कच्चा अर्ज भरून झाला तेव्हा सव्वाचार झाले होते. बाईंनी संगणकावर तो उतरवला, शेवटचं बटण दाबलं, आणि बाहेर बाकावर अण्णांच्या खिशात मोबाइल वाजला.

प्रवेश घेताना घरात माझा म्हणून फोन नव्हता, त्यामुळे फॉर्मवर अण्णांचा नंबर दिला होता. ओटीपी त्यांच्याकडे गेला होता. अण्णा मोबाइल लांब धरत खिडकीशी आले. "विद्यापीठाचा मेसेज आलाय. कसला नंबर हाय ह्यो?"

मला वाटलं, बाई आता काहीतरी थाप मारतील. मी मारली असती. बाई म्हणाल्या, "विद्यार्थ्याच्या नोंदीतली माहिती विद्यार्थ्यालाच सांगता येते."

"पोरगी माझ्या घरात ऱ्हाती, बाई."

"घरात आपण विचारा. इथे मी सांगणार नाही."

अण्णा परत बसले, पण आता त्यांची नजर खिडकीवरून हलत नव्हती. बाईंनी मला संपर्क क्रमांक बदलण्याचा अर्ज दिला. त्यासाठी विद्यार्थी स्वतः हजर हवा आणि ओळखपत्र हवं. ते दोन्ही होतं. नवा नंबर तेवढा नव्हता. मी दबक्या आवाजात विचारलं, "बाई, तुमचा टाकू?" त्या इतक्या तुटकपणे "नाही" म्हणाल्या की मी चपापले. "माझा नंबर तुझ्या नोंदीत कशाला? उद्या मी नसेन. घरात अजून कुणाकडे फोन आहे?"

आईकडे होता, बटणांचा. फक्त माहेरी बोलण्यापुरता. मी तो नंबर लिहिला, बाईंनी नोंद बदलली, आणि ऑफिसच्या फोनवरून मी आईला लावला. पाचला वीस मिनिटं होती. मी भराभरा सांगितलं, "आई, आत्ता तुझ्या फोनवर सहा आकडे येतील, ते मला वाचून दाखव."

आई म्हणाली, "भाऊजींनी सांगितलंय, ओटीपी कुणाला म्हंजे कुणालाच सांगायचा न्हाई. लोक लुबाडतात."

"आई, मी बोलतेय."

"आवाज पण बदलून बोलत्यात म्हणं."

आज हे हसून सांगते. तेव्हा जीव टांगणीला लागला होता. बाईंनी पुन्हा बटण दाबलं होतं, आकडे येऊन पडले होते आणि आई ते द्यायला तयार नव्हती. दहा मिनिटांनी ते आकडे बाद होणार होते. मी शाळेच्या बाईंचं नाव सांगितलं, गायीचं नाव सांगितलं. आई म्हणाली, "हे गावात समद्यांनाच ठावं हाय." शेवटी बाईंनी रिसीव्हर घेतला. "अहो ताई, मी कॉलेजच्या ऑफिसातून बोलतेय. मलाही आकडे सांगू नका, बरोबर करताय. ते आकडे दिले तर तुमच्या मुलीचं शिक्षण चालू राहील, नाही दिले तर आज बंद होईल. मुलगी इथे आहे, तिचे दीर बाहेर बसलेत." मग स्वतःशीच चुकल्यासारख्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचे दीर." आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला.

मग आईनं हलक्या आवाजात विचारलं, "भाऊजींना ठावं हाय?"

"नाही."

"बरं. लिव्ह." आणि तिनं एकेक आकडा सांगितला. सात. शून्य. तीन. मध्ये थांबली, पुन्हा पहिल्यापासून वाचले. माझी आई चौथी शिकलेली. ते सहा आकडे तिनं दिराच्या पाठीमागे दिले, आणि त्या घरात त्याचा अर्थ काय होतो हे मला माहीत होतं.

पाचला सहा मिनिटं असताना पडद्यावर अर्ज स्वीकारल्याचं दिसलं. बाईंनी खोडरबर घेतलं, 'रद्द' पुसलं, फुंकर मारली, आणि पाचचा ठोका पडायची वाट बघत पेन उघडून बसल्या. पाच वाजले तेव्हा 'बहिःस्थ' असं शाईनं लिहिलं. खिडकीतून अण्णांना म्हणाल्या, "अर्जदारानं अर्ज मागे घेतलाय. दाखला मिळणार नाही."

घरी गेल्यावर अण्णांचा आवाज चढला, मेसेजमधला नंबर आपण दिला नाही तर तो दिला कुणी म्हणून. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "आकडे मी सांगितले." ती अण्णांना उलट बोललेली मी त्या दिवशी प्रथमच ऐकली. मी दुकानात बसले, रोज बसले, आणि गोणींवर पुस्तक ठेवून दोन वर्षांत पदवी घेतली. निकालाचे पेढे अण्णांनीच वाटले, हेही सांगितलं पाहिजे.

आता मी हडपसरला एका कंपनीत कर्मचाऱ्यांच्या नोंदी बघते. तिथे राजीनामे येतात, बरेचसे रागाच्या भरात लिहिलेले. मी ते संध्याकाळी पाचपर्यंत पुढे पाठवत नाही. सहकारी हसतात. हसू देत.

बाईंच्या निरोपसमारंभाला गेले होते. रजिस्टरं तोवर बंद झाली होती. गर्दी पांगल्यावर मी त्यांना विचारलं, "बाई, पाचच का?"

"माझा दाखला माझ्या वडिलांनी नेला," त्या म्हणाल्या. "पहिलं वर्ष पास झाल्यावर. अकरा वाजता आले, सव्वाअकराला गेले. तिथल्या क्लार्कनं थेट शाईनं लिहिलं. मी वर्गात होते. दुपारी मला शिपायानं सांगितलं." एवढं बोलून त्या हारातली फुलं निवडायला लागल्या. हजारो मुलांच्या पदव्यांच्या नोंदी केलेल्या या बाईंची स्वतःची पदवी झाली नव्हती, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

गेल्या वर्षी एका दुपारी मी त्यांच्या येरवड्याच्या घरी मुक्त विद्यापीठाच्या अर्जाची कोरी प्रिंट घेऊन गेले. त्यांनी ती उलटसुलट केली. "कुणाचा?"

"तुमचा."

"शेवटची तारीख?"

"आजच, रात्री बारापर्यंत."

"शेवटच्या दिवशी उगवतात ती माणसं मला ओळखू येतात." मग म्हणाल्या, "पहिलं वर्ष पास आहे मी."

मला ते सांगणं जड गेलं. "नोंद फार जुनी झाली, बाई. पहिल्यापासून करावं लागेल."

मला वाटलं, आता प्रिंट परत देतील. "नियम बरोबर आहे," त्या म्हणाल्या, उठल्या, ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि कच्चा अर्ज भरून टेबलावर ठेवून दिला. मग चहा केला, कपडे वाळत घातले होते ते काढले, घड्या घातल्या. अर्जाकडे एकदाही पाहिलं नाही. मीही आग्रह केला नाही. त्यांनी मला कधी केला नव्हता. साडेचार झाले, पावणेपाच झाले, आणि मी तेव्हासारखीच घड्याळाचे काटे बघायला लागले. फरक एवढाच, की आता खिडकीच्या बाहेर मी बसले होते.

पाच वाजले. बाईंनी चष्मा लावला.

"पेन दे."

शाईनं सही केली. मी लॅपटॉपवर अर्ज उतरवला, बटण दाबलं, आणि त्यांच्या हातातला मोबाइल वाजला. मी सवयीनं विचारलं, "काय आला नंबर?"

बाईंनी पडदा तळव्यानं झाकला, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि म्हणाल्या, "तोंड तिकडे कर."