साबणाचा सव्वा महिना

आमच्याकडे हळदीचं कौतुक फार. लग्नात हळद, देवाला हळद, दुधात हळद. ती मोडणाऱ्या बाईच्या हाताचं मात्र कुणाला काही नाही. जमिनीतून निघालेला गड्डा हातानंच फोडायचा, माती झाडायची, मुळ्या खुडायच्या. हंगाम सरेपर्यंत तळहात पिवळे पडतात आणि भेगांनी भरतात. बायकांना हातमोजे द्या, असं पत्रक मी लिहिलं होतं आणि वसमतच्या बाजारात उभी राहून वाटलं होतं. माझी माय त्याच पत्रकात ओवा बांधून ठेवायची.

त्या साली हंगाम आटोपला आणि ताई आमच्याकडे बाळंत झाली. मायची पहिली नात. माय मोरीत पाय पसरून बसली, लेकरू पायांवर घेतलं, तेल लावून पाठीवरून हात फिरवला. लेकरू किंचाळलं. पाठीवर लाल रेघ उठली होती.

दुसऱ्या दिवसापासून अंघोळ घालायला शेजारच्या काकू येऊ लागल्या. माय पाणी तापवून द्यायची आणि दाराशी उभी राहायची. लेकरू घ्यायचंच झालं तर आधी दोन्ही हातांना पदर गुंडाळायची. ताई म्हणायची, "माय, घे की गं बराबर." माय म्हणायची, "माझे हात न्हाईत, खराटे हायत."

हे बघून मला जो राग यायचा, तो एका पत्रकात मावला नसता. जिच्या हातांनी अख्ख्या गावाची हळद मोडून काढली, तिला स्वतःच्या नातीची पाठ चोळता येऊ नये? आणि तीच बाई वर माफी मागितल्यासारखं बोलणार? सव्वा महिना झाला की ताई सासरी जाणार होती. त्याआधी मायनं एकदा तरी लेकराला न्हाऊ घालावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्यातच सिद्धेश्वर धरणाकडच्या मावशीनं मधाची बाटली पाठवली. लेकराला चाटवायला. माय बोट बुडवायच्या बेतात होती, मी बाटली ओढून घेतली.

"वर्षाच्या आत लेकराला मध न्हाई द्यायचा. जिवावर बेतू शकतं."

"तुमी दोघी मध चाटूनच वाढल्या."

"वाचलो म्हणून बोलून राहिलो!"

"मंग काय करू त्याचं? तुझ्या पत्रकाला चोपडू?"

ताई खाटेवरून हसली. बाटली मात्र मी परत दिली नाही. डोंगरकड्याला बायकांच्या एका शिबिरात मी साबण शिकले होते, न शिजवता करायचा. त्यात मध घालता येतो. म्हटलं, लेकराच्या पोटात जाणार नाही तो मध मायच्या हाताला तरी लागू दे. असा साबण केल्यावर महिनाभर वाळू द्यावा लागतो, म्हणजे तो लगेच करायला हवा होता. बिघडला तर दुसरा होईपर्यंत ताई गेलेली असणार.

मी अंगणात सगळं मांडलं. खोबरेल, करडईचं तेल, थोडं एरंडेल. मायनं जर्मनचं पातेलं आणलं, ते मी परत पाठवलं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो. स्टीलच्या भांड्यात पाणी घेऊन मी त्यात सोडा टाकायला लागले. आधी हातमोजे घातले. माय बघत होती.

"साबणाला मोजे हायत. हळदीला न्हाईत?"

"हेच तर मी लिहून राहिले, माय!"

"मंग बराबर लिहितीस," ती म्हणाली. माझ्या लिखाणाला तिच्याकडून मिळालेली ही पहिली दाद.

सोड्याचं पाणी निवल्यावर तेलात ओतलं आणि घोटत बसले. मिश्रण पिठल्यासारखं झालं, पळीची रेघ वर राहू लागली, तेव्हा कोमट पाण्यात कालवलेला मध घातला. रंग गुळासारखा झाला. डब्यात ओतून डबा कोनाड्यात ठेवला.

"याला हात लावायचा न्हाई," मी म्हणाले. "याचा बी सव्वा महिना हाय." आणि वसमतच्या गाडीला पळाले. म्हणायचं होतं, वाळू द्यायचाय. मायनं ऐकलं ते तिच्या हिशेबानं.

परत आले तर कोनाडा रिकामा. साबण ताईच्या खाटेखाली, शेगडीजवळ. वर गोधडी. चैत्राचं ऊन बाहेर भाजत होतं आणि आत साबणाला शेक चालला होता.

"वारं लागून राहिलं व्हतं त्याला," माय म्हणाली.

मधाचा साबण आपणहूनच तापतो. त्याला गार जागा लागते. मी गोधडी काढली. साबण फुगून मधोमध फाटला होता, भेगेतून तपकिरी तेल वर आलेलं. मी ओरडले, की झालं, गेला, आता दुसऱ्याला वेळ नाही. माय गोधडीची घडी घालू लागली. ताईच म्हणाली, "वरडू नको गं. डिंकाचा लाडू चारला न्हाई त्याला, एवढं नशीब समज."

आधी माझंच हसू फुटलं. माय खाली वाकली, आपला तळहात साबणाशेजारी धरला. "माझ्यासारखाच झाला बघ. राहू दे. टाकू नको."

टाकला नाही. वर आलेलं तेल हळूहळू आत जिरलं. वड्या कापल्या त्या ओबडधोबड, पण घट्ट. सुपात मांडून कोनाड्यात ठेवल्या, यावेळी उघड्या.

ताई निघायला चार-पाच दिवस उरले तेव्हा मायनं एक वडी उचलली आणि रोज त्या साबणानंच हात धुऊ लागली. "वास काहून न्हाई याला?" म्हणाली. मी सुगंधाच्या धंद्यावर सुरू झाले तर म्हणाली, "बरं बरं. थोडा जळक्या गुळासारखा येतो."

साबणानं भेगा भरल्या, असं मी कुठं लिहिणार नाही. हळद बंद होती, रोज तुपाचा हात होता, साबण हात कोरडे पाडत नव्हता. सगळ्यांनी मिळून काय ते केलं.

ताई निघायच्या सकाळी काकू यायच्या आत मायनं मला मोरीत बोलावलं. माझी बाही वर सारली आणि दंडाच्या आतल्या बाजूनं तळहात फिरवला. हळू, खालून वर.

"टोचतं का? खरं सांग."

"थोडं टोचतं," मी म्हणाले. "पयल्यासारखं न्हाई."

तिनं माझी बाही खाली ओढली. "न्हाई म्हणली असतीस तर मी इस्वास ठेवला नसता," म्हणाली, आणि पाय पसरून बसली. ताईनं लेकरू तिच्या पायांवर ठेवलं.

तेल लावलं. पाठीवरून हात गेला. लेकरू गप्प. पाण्याचा पहिला तांब्या पडला आणि त्यानं भोकाड पसरलं. मायचे दोन्ही हात एकदम वर उचलले गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी पाण्यात बोट घालून बघितलं. "माय, पाणी कढत हाय."

"मंग बघत काय बसलीस? विसण घाल," ती म्हणाली, आणि हात परत लेकराच्या पाठीवर ठेवले.