लागोपाठ दोन गुरुवार

फेब्रुवारीच्या पानावर २९ तारीख गुरुवारी होती आणि मार्चच्या पानावर १ तारीखही गुरुवारीच. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. गुरुवार खरंच दोन होते.

कॅलेंडर २०२४चं होतं. मी तेव्हा नांदेडच्या एका प्रेसमध्ये प्रूफरीडर होते. म्हणजे छापण्याआधी चुका शोधायच्या आणि पानावर सही करायची. सही झाली की राहिलेली चूक माझी. रिटायरमेंटला वर्ष उरलं होतं आणि तेवीस वर्षांत माझी सही वाया गेली नव्हती.

कॅलेंडर उमरीकडच्या एका शिक्षणसंस्थेचं. पंचांग नाही, तिथी नाही. नुसत्या तारखा, वार आणि बाराही पानांवर अध्यक्ष दादासाहेबांचे फोटो. फोटो मात्र तीनदा तपासून झाले होते.

साध्या वर्षात बावन्न आठवडे आणि वर एक दिवस असतो. म्हणून यंदा सोमवारी आलेली तारीख पुढच्या वर्षी मंगळवारी येते. लीप वर्षात फेब्रुवारीनंतर आणखी एका वाराची उडी. सगळं मांडून बघितलं तर कॅलेंडरं निघतात चौदाच, सात साधी आणि सात लीपची. तीच फिरून फिरून येतात. आमच्या जुन्या फोरमननं त्यांची चौदा पाकिटं करून ठेवली होती. मालक बाबूशेठनी कॉम्प्युटर आणला तेव्हा साधी सात त्यात उतरवून घेतली आणि लीपची सात रद्दीत घातली. चार वर्षांतून एकदा लागणारी चीज, कशाला जागा अडवायची, म्हणे.

२०१८ सोमवारी सुरू झालं होतं, २०२४ही सोमवारीच होणार होतं. बाबूशेठनी २०१८ची फाइल काढली, फेब्रुवारीत २९ चिकटवली आणि स्वतःवर खूश झाले. मार्चपासून सगळे वार एकानं मागे राहिले.

"शेठ, मार्चपासून पानं बदलावी लागतील."

"ताई, लई बारीक बघून राहिल्या तुम्ही. पहिले दोन महिने बरोबर हायत ना? मग बाकीचे कशाला चुकतील?"

दादासाहेब समोरच बसले होते, सोबत संस्थेचे दोन शिक्षक. मी त्यांना दोन गुरुवार दाखवले.

"मग दोन दिवस उपास धरा," दादासाहेब म्हणाले. शिक्षक पोट धरून हसले. "माझा फोटो बरोबर हाय का न्हाई?"

"हाव, फोटो बरोबर आहे."

"मग छापा."

मला संताप आला. मी लाल पेनानं प्रूफवर लिहिलं, 'मार्चपासून सर्व वार चुकीचे', आणि स्वतः सही न करता पान दादासाहेबांपुढं सरकवलं. सही करायला त्यांना फार आवडायचं. न वाचताच केली. मी पान कपाटात ठेवून दिलं.

मार्चमध्ये दादासाहेबांची एकसष्टी आली. संस्थेच्या कारकुनानं त्याच कॅलेंडरवरून पत्रिका लिहिली, 'रविवार, ११ मार्च', आणि सगळ्यांना मोबाइलवर पाठवली. ११ तारखेला सोमवार होता. शिक्षकांच्या ते लक्षात आलं होतं. पण अध्यक्षांच्या कॅलेंडरात चूक आहे, हे अध्यक्षांना सांगणार कोण?

बाकीच्यांनी तारीख धरली, प्रमुख पाहुण्यांनी वार धरला. रविवारी त्यांची गाडी आली तेव्हा मैदानात मांडववाला खड्डे खणत होता. ते आल्या पावली परत गेले, ते सोमवारी काही फिरकले नाहीत. शेवटी दादासाहेबांना शाल कारकुनाच्या हस्ते घ्यावी लागली.

मंगळवारी दादासाहेब प्रेसमध्ये हजर.

"कोणाची चूक हाय ही?"

बाबूशेठनी माझ्याकडं बोट केलं. "प्रूफ ताई बघतात. उद्यापासून न्हाई बघणार."

तेवीस वर्षं त्यांच्याकडं राबले होते. त्या बोटाचं मला अजून वाईट वाटतं. मी कपाट उघडलं आणि पान दोघांसमोर ठेवलं. दादासाहेबांनी लाल ओळ पहिल्यांदाच वाचली. खालची सही दोनदा वाचली.

"छपाई चांगली हाय," एवढं म्हणाले आणि उठले.

सहीनं वार बदलत नाही, पण माझी नोकरी त्या सहीनंच वाचली. मार्च ते डिसेंबरची पानं नव्यानं छापली. नव्या कॅलेंडरची एक प्रत पाकिटात घालून बाबूशेठ म्हणाले, "ताई, ही जपून ठेवू. २०२८च्या लीपला कामाला येईल."

लीपचं तेच कॅलेंडर परत यायला अठ्ठावीस वर्षं लागतात. मी पाकिटावर लाल पेनानं लिहिलं, '२०५२ साली वापरावे', आणि खाली शेठची सही घेतली. त्यांनीही न वाचताच केली.