दोन शब्दांच्या दोन खोल्या

अंबाजोगाईत इंग्रजी जाणणारी माणसं त्या काळीही पुष्कळ होती. मेडिकल कॉलेज होतं, इतर महाविद्यालयं होती, आणि इंग्रजीचे प्राध्यापक संध्याकाळी फिरायला निघाले की निम्मा रस्ता त्यांनीच भरत असे. पण इंग्रजीतल्या दोन शब्दांसाठी दोन स्वतंत्र खोल्या बांधणारा माणूस गावात एकच होता, आणि माझ्या माहितीप्रमाणे सबंध बीड जिल्ह्यात दुसरा नव्हता. तो आमचा घरमालक.

मी तेव्हा औरंगाबादच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. खाली त्यांचं कापडाचं दुकान होतं. गावोगाव पिवळ्या पाट्या लागण्याचे ते दिवस. घरमालकांनीही दुकानाचा पुढचा भाग तोडून एस.टी.डी. बूथ काढला. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि नजर समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या शर्टाच्या कापडावर. जन्मभर कापड चिमटीत धरून पाहिल्यामुळे दोन सारख्या गोष्टी दिसल्या की त्यांच्यातला फरक शोधल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "लांबून बघणाऱ्याला मांजरपाट बी पांढरं आन् पॉपलीन बी पांढरं," ते म्हणत. "हात लावला की कळतं." हाच हात त्यांनी उतारवयात इंग्रजी भाषेला लावला.

सुरुवात 'स्मॉल' आणि 'लिटल'पासून झाली. समोरच्या हॉटेलातला कप त्यांच्या मते स्मॉल होता आणि त्यातला चहा लिटल. हे त्यांनी हॉटेलवाल्याला इतक्या वेळा ऐकवलं, की त्यानं शेवटी मोठे कप आणले आणि चहा तेवढाच ठेवला. मग 'शट' आणि 'क्लोज' आले. दुपारी जेवायला जाताना दुकान शट होतं आणि सणाला क्लोज, असा त्यांचा निकाल होता. शेजारच्या भांड्यांच्या दुकानदारानं "मग माझं दुकान उघडं असून गिऱ्हाईक येत न्हाई, त्याला काय म्हणायचं, अप्पा?" असं विचारलं. अप्पा दोन दिवस विचार करून म्हणाले, "त्याला तुझा स्वभाव म्हणायचं."

त्यांच्या सगळ्या संशोधनामागं एकच सिद्धांत होता. व्यापारी माणूस एकाच मालाला दोन नावं देत नाही. इंग्रज हा व्यापारी होता. तेव्हा इंग्रजीत दोन शब्द असतील, तर माल दोन असलाच पाहिजे.

त्या सुमारास गावात फाडफाड इंग्रजी शिकवणारा एक वर्ग निघाला. त्याच्या फलकावर 'स्पीक' हा शब्द होता. अप्पा वर्गात गेले, चप्पल बाहेर काढली, आणि फलकावर 'टॉक' का लिहिलं नाही, असं त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, दोन्हींचा अर्थ बोलणं. अप्पा म्हणाले, "मग भाषण करणाऱ्याला स्पीकर म्हणतात, टॉकर कावून म्हणत न्हाईत?" मास्तरांनी प्रवेशाची माहिती द्यायला सुरुवात केली. अप्पा चप्पल घालून परत आले.

पुढचे कित्येक दिवस बूथवर दुसरा विषय नव्हता. फोनला आलेल्या प्रत्येक माणसाचं बोलणं ते काचेतून पाहत आणि कापडासारखं निवडत. शेवटी त्यांचं मत ठरलं. स्पीक म्हणजे सांगणं. त्याला एक माणूस पुरतो, दुसऱ्यानं नुसता कान द्यायचा. टॉकला दोघं लागतात. स्पीक उभ्यानं होतं, टॉक बसल्याशिवाय होत नाही. बूथला दुसरी लाइन मिळाली तेव्हा त्यांनी सुताराला बोलावून प्लायवूडच्या दोन खोल्या करून घेतल्या आणि पाट्या रंगवणाऱ्याला एकीवर 'स्पीक' आणि दुसरीवर 'टॉक' लिहायला सांगितलं.

"अप्पा, ह्याचा मराठीत अर्थ काय?" रंगाऱ्यानं विचारलं.

"दोन्हीचा बोलणं."

"मग दोन पाट्या कावून?"

"एकच असतं तर इंग्रजांनी दोन कावून ठेवले असते? लई हिशेबी लोक हायत ते. तू रंगव."

स्पीकमध्ये फक्त फोन होता. टॉकमध्ये फोन, एक स्टूल, भिंतीवरचा छोटा पंखा आणि पाण्याचा तांब्या. आलेल्या माणसाला अप्पा आधी काम विचारत आणि मग खोली देत. तुरीचा भाव विचारणारा आडत्या स्पीकमध्ये. 'पोचलो, काळजी नको' सांगणारा स्पीकमध्ये. सासरच्या लेकीला फोन करणारी आई टॉकमध्ये. मी बातमी सांगायला गेलो की न विचारता माझी रवानगी स्पीकमध्ये होई. एकदा मी म्हणालो, "अप्पा, आज बातमी मोठी आहे, देवीच्या यात्रेची आहे, बसून सांगतो." ते म्हणाले, "तुमच्या हापिसातला माणूस उलट काय बोलतो का? न्हाई ना? मग उभ्यानंच सांगा." औरंगाबादच्या डेस्कवरचा माणूस खरोखरच "पुढे" याखेरीज काही बोलत नसे.

व्यवस्थेत घोटाळे होत. एका नुकतंच लग्न ठरलेल्या तरुणाला अप्पांनी मोठ्या कौतुकानं टॉक दिलं, पंखा लावून दिला. तो लगेच बाहेर आला. पलीकडं मुलीच्या वडिलांनी फोन उचलला होता. "स्पीक बी झालं न्हाई, अप्पा," तो म्हणाला. मेडिकलच्या एका विद्यार्थ्यानं मूळ सिद्धांतावरच बोट ठेवलं. "अप्पा, साहेब लोक फोनवर 'मे आय स्पीक टू' असंच म्हणतात. तुमचं टॉक कुठं गेलं?" अप्पा जराही डगमगले नाहीत. "बरोबर हाय. ते दार वाजवणं झालं. दार उभ्यानंच वाजवतात. आत बोलवलं की मग बसायचं."

पण या वर्गवारीला त्यांनी एकदा स्वतःच धक्का दिला, तो मी पाहिला आहे. वडील वारल्याचं नातेवाइकांना कळवायला एक माणूस आला. मयताची बातमी, म्हणून त्याला स्पीक मिळालं. त्यानं चार ठिकाणी तेच एक वाक्य सांगितलं आणि बाहेर येऊन पुढं काय करायचं हे न कळल्यासारखा उभा राहिला. अप्पा उठले, त्याच्या खांद्याला धरून त्याला दुसऱ्या खोलीत बसवलं आणि म्हणाले, "सगळ्यांला सांगून झालं. आता एकाला बोल." त्यानं बहिणीला फोन लावला. तो बाहेर येईपर्यंत अप्पांनी टॉकसाठी आलेली गिऱ्हाइकं दुसऱ्या बूथवर पाठवली.

इतकं सगळं कळणारा हा माणूस आपल्या मुलाशी मात्र कायम स्पीकमधून बोलत असे.

मुलगा एकच होता. त्यानं गल्ल्यावर बसावं ही अप्पांची इच्छा, आणि त्याला यंत्रांची आवड. ऐन लग्नसराईत, पाहुण्यांनी भरलेल्या दुकानात अप्पा म्हणाले होते, "कापड फाडण्यापलीकडं ह्याला काही जमायचं न्हाई." मुलानं हातातली कात्री ठेवली आणि त्याच आठवड्यात पुणं गाठलं. चिंचवडच्या एका कारखान्यात तो लागला. मग दोन दिवाळ्या झाल्या, तो घरी आला नाही. भांडण असं नव्हतं. दर रविवारी सकाळी अप्पा फोन करत. मुलाच्या घरमालकाकडं फोन होता. तिथं आधी निरोप द्यायचा, मुलाला खाली बोलवायला सांगायचं, ठेवायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा लावायचा. एवढ्या खटाटोपानंतरचं संभाषण आम्हा सगळ्यांना पाठ होतं. "जेवलास का? तब्येत? बरं. ठेवतो, गिऱ्हाईक उभं हाय." कारण अप्पांचा धंद्याचा एक नियम होता. गिऱ्हाईक उभं असताना मालकानं फोन धरायचा नाही. आणि रविवारी सकाळी गिऱ्हाईक उभं नाही, असं कधी होत नसे. अप्पांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, एकदा मला म्हणाल्या, "ह्यांचं बोलणं म्हंजे स्टँडवरची अनाउन्समेंट. गाडी कुठं लागली ते कळतं, आत कोण बसलंय ते कळत न्हाई."

अशातच मुलाच्या कंपनीनं त्याला मद्रासकडच्या नव्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं. त्याच आठवड्यात निघायचं होतं. एकदा गेला की वर्ष-दोन वर्षं सुट्टी मिळणार नव्हती. काकूंनी रविवारी सकाळी अप्पांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि माझ्यासमोरच सांगितलं, "दुसरं काही बोलू नका. जायच्या आधी ये, एवढंच म्हणा."

"म्हणतो की," अप्पा म्हणाले. चहा त्यांनी बशीत ओतला, आणि तो तिथंच राहिला.

त्या दिवशी बूथवर गर्दी होती. पांढऱ्या पायजम्यातला आडत्या होता, परळीला निरोप द्यायला आलेले दोघं होते, बातमीचा कागद घेऊन मी होतो. टॉकमध्ये तो मेडिकलचा विद्यार्थी घरच्यांशी बोलत होता. आणि धर्मापुरीकडची मेंढरंवाली आजी होती. ती बाजाराला आली की सोलापूरकडं दिलेल्या लेकीला फोन करी, आणि माळावर ज्या आवाजात मेंढरं वळवी त्याच आवाजात बोले. अप्पांना अरे-तुरे करणारं गावात तेवढंच माणूस उरलं होतं.

अप्पांनी स्पीकमध्ये जाऊन निरोपाचा फोन करून ठेवला. मग खोलीतच उभे राहिले. मग पुन्हा लावला. प्लायवूडचं दार नीट बसत नसे, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"हां, मीच. जेवलास का? बरं. तब्येत? बरं. सामान बांधलं का? बरं." मग त्यांनी काचेतून आमच्याकडं पाहिलं. "ठेवतो मग. हितं गिऱ्हाईक—"

"ठेवू नगंस!" आजी ओरडली आणि तिनं दारच उघडलं. "अप्पा, कुणाशी बोलतूस?"

अप्पांनी हातानं फोन झाकला. "पोराशी, आजी."

"पोराशी व्हय? मला वाटलं तहसीलदाराशी. उभ्या उभ्या अर्जच देऊ लागलास."

"गिऱ्हाईक उभं हाय, आजी. नेमाचं काम हाय."

"कुठं उभं हाय?" असं म्हणून आजी तिथंच पायरीवर बसली आणि आमच्याकडं वळली. "बसा रं समदे! काय बघताव?"

परळीवाले बसले. मी बसलो. आडत्यानं आधी पायजम्याकडं पाहिलं, मग आजीकडं पाहिलं आणि तोही जमिनीवर बसला. विद्यार्थ्यानं टॉकचं दार उघडून स्टूल बाहेर दिलं आणि आपलं बोलणं उभ्यानं चालू ठेवलं. आजीनं ते स्टूल अप्पांच्या मागं सरकवलं.

"आता सांग, कोण उभं हाय?"

अप्पा बसले. मीटरचे लाल आकडे पळत होते. पलीकडून मुलगा बहुधा "हॅलो, हॅलो" करत असावा, कारण अप्पा म्हणाले, "हाय. हितंच हाय." मग ते म्हणाले, "दुकानाचं शटर लई कुरकुरतंय रे. काय करावं त्याला?"

शटरवर मुलगा बराच वेळ बोलला. अप्पा हुंकार देत होते. मध्येच हसले. "न्हाई, खोबरेल घातलं मी. मग कोणतं घालायचं?" मग आवाज उतरला. "तुझ्याकडं मशीन कसलं हाय? सांग की. कळणार न्हाई मला. तरी सांग."

आजीनं चंचीतून तंबाखू काढली. आडत्या छताकडं पाहत होता. पुढचं मला तुटक ऐकू आलं. मद्रासकडच्या रोजच्या भाताचा विषय झाला. काकूंच्या गुडघ्यांचा झाला. दुकानात पाहुण्यांसमोर बोललेल्या वाक्याचा झाला की नाही, मला सांगता येणार नाही. अप्पा मध्ये एकदा भिंतीकडं तोंड करून बसले होते, एवढं खरं. शेवटचं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

"जायच्या आधी ये... न्हाई, काम काही न्हाई. असंच ये."

ते बाहेर आले तेव्हा आम्ही सगळ्यांनी उगाच रस्त्याकडं पाहिलं. "चला, कोण हाय पुढचं?" अप्पा म्हणाले. पुढचा मी होतो. माझी बातमी त्या दिवशी डाक आवृत्तीला चुकली. त्याचं कारण मी औरंगाबादला 'लाइन मिळाली नाही' असं कळवलं.

पुढं माझी बीडला बदली झाली. काही वर्षांनी मोबाइल आले आणि पिवळ्या पाट्या उतरल्या. अप्पांच्या त्या दोन खोल्यांत आता कापडाचे तागे ठेवतात, असं ऐकतो. त्या दोन शब्दांत अप्पांनी सांगितला तेवढा फरक खरोखर आहे का, हे मी नंतर दोन-तीन जाणकारांना विचारलं. प्रत्येकानं वेगळं उत्तर दिलं.

त्या रविवारच्या फोननंतर दोन दिवसांनी सकाळी मी केजच्या गाडीसाठी स्टँडवर गेलो, तर अप्पा तिथं आधीच उभे होते. दुकान क्लोज करून आले होते. पुण्याची गाडी आली. मुलगा उतरला. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. दोघांनी एकाच वेळी बॅगेला हात घातला, आणि कोणीच सोडेना म्हणून एकेक बंद धरून दोघं चालू लागले. घराचा जवळचा रस्ता मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून, जातो. ते देवळाकडच्या लांबच्या रस्त्यानं निघाले. मी हात केला, अप्पांचं लक्ष नव्हतं. माझी गाडी सुटून त्यांच्या बाजूनं पुढं गेली, तेव्हा मुलगा मोकळ्या हातानं हवेत काहीतरी फिरवून दाखवत होता आणि अप्पा, समोरचा रस्ता सोडून, त्या हाताकडं बघत चालले होते.